ब्रश थांबवू नका

हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न गोठण्याचा जन्मजात आजार, असलेल्या मुलाच्या थुंकीत दात घासताना लाल रेघ दिसली, की घरात धस्स होतं. आई हातातला ब्रश काढून घेते, मग चार दिवस नुसत्या चुळा. हे सगळं मायेपोटीच होतं, पण उलटं पडतं. दातांच्या कडेला थर साचून हिरडी सुजते आणि त्या सुजेतूनच रक्त येतं. मऊ ब्रशने, हलक्या हाताने रोज दोनदा घासत राहिलं, तर सूज उतरते आणि रक्त येणंही कमी होतं.

हिमोफिलिया ‘ए’मध्ये रक्त गोठवणारं फॅक्टर ८ हे प्रथिन कमी पडतं, ‘बी’मध्ये फॅक्टर ९. ‘ए’ साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला असतो. व्हॉन विलेब्रँड हा रक्त नीट न गोठण्याचाच दुसरा आजार त्याहून जास्त आढळतो आणि मुलींनाही होतो.

तोंडातली जखम जास्त चिवट असते, कारण लाळेत गुठळी विरघळवणारे घटक असतात. दाढ काढलेल्या खड्ड्यावर कधी काळपट, जेलीसारखा गोळा फुगून येतो. जखम भरतेय असं वाटतं, पण गोळ्याखालून रक्त झिरपतच असतं. अशा वेळी डॉक्टरांना लगेच दाखवायचं. गुठळी टिकावी म्हणून ट्रानेक्सॅमिक ॲसिड देतात. गोळीच्या रूपात किंवा चूळ भरायला. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ मध्ये ते जगापुढे आणलं.

खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागे खोलवर देतात ते भुलीचं इंजेक्शन, कमी पडणारा फॅक्टर आधी शिरेतून दिल्याशिवाय देऊ नये. आत साचलेलं रक्त घशाकडे पसरून श्वास अडू शकतो. दात दुखतो म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनही नको. पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांना विचारून.

नाशिकमध्ये फॅक्टरसाठी त्र्यंबक रोडचं सिव्हिल, तर डेंटल कॉलेज पंचवटीत. सुरगाण्याहून किंवा मालेगावहून मुलाला घेऊन निघण्याआधी दोन्हीकडच्या डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. आधी फॅक्टर, मग दाढ, हा क्रम तारखेसकट ठरलेला हवा. ही धावपळ पालकांवर पडू नये असं मला मनापासून वाटतं, पण आज ती करावी लागते.

दुधाचे दात बहुतेक वेळा आपसूक, फार रक्त न जाता पडतात. हलणारा दात ओढू नका. रक्त आलंच तर ओल्या, स्वच्छ गॉजची घडी घट्ट दाबून धरा.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ येते. अनेकांना तीही दुधाचीच वाटते, पण ती कायमची असते. तिच्या खाचा सीलंटने, म्हणजे किडीपासून वाचवणाऱ्या पातळ लेपाने, बुजवून घेता येतात. त्याला सुई लागत नाही, फॅक्टरही लागत नाही.