कमी शक्तीचे केंद्र आणि सामुदायिक केंद्र: परवान्याच्या वादातले दोन वेगळे प्रश्न

विदर्भातल्या गावांत रेडिओ केंद्राच्या परवान्याचा विषय निघाला की ‘कमी शक्तीचे केंद्र’ आणि ‘सामुदायिक केंद्र’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, आणि मग एवढ्याशा यंत्राला परवाना हवाच कशाला, असा प्रश्न येतो. वास्तविक पहिला शब्द प्रक्षेपकाविषयी आहे आणि दुसरा मालकीविषयी.

शक्तीचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. आपल्याकडे सामुदायिक केंद्राला सर्वसाधारणपणे 100 वॅट प्रभावी शक्तीची मर्यादा असून, वर्धा-यवतमाळच्या मोकळ्या रानात तेवढ्यावर काही किलोमीटरच्या परिघातली गावे ऐकू शकतात. मेळघाटात मात्र डोंगर आडवे येतात. शक्ती कमी असली तरी शेजारच्या वारंवारितेत व्यत्यय येऊ शकतो, म्हणून वारंवारिता ठरवून द्यावी लागते. अमेरिकेत 2000 साली 100 वॅटच्या केंद्रांना वाट मोकळी झाली, तेव्हा मोठ्या प्रसारकांचा मुख्य आक्षेप व्यत्ययाचाच होता आणि त्यातून आलेले निर्बंध जानेवारी 2011 मध्ये स्वाक्षरी झालेल्या कायद्याने सैल झाले.

भारतातला वाद मुख्यतः बोलणार कोण, यावर झाला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले. तरीही 2002 च्या धोरणात फक्त शिक्षणसंस्थांना जागा मिळाली, आणि स्वयंसेवी संस्थांसाठी दार 2006 मध्ये उघडले. म्हणूनच येथे दोन कागद लागतात: संस्थेची पात्रता पाहणारा माहिती व प्रसारण मंत्रालयाशी करार, आणि वारंवारिता व शक्ती ठरवणारा बिनतारी यंत्रणेचा परवाना. एखाद्या हुशार तरुणाने घरी प्रक्षेपक जोडला, तर त्याचे केंद्र कमी शक्तीचे असेल, पण सामुदायिक नाही, कारण व्यक्तीला किंवा राजकीय पक्षाला ही परवानगी मिळत नाही. उलट, यवतमाळच्या आकाशवाणीवरून आपली बोली ऐकू आली, तरी ते केंद्र प्रसार भारतीचेच राहते.

सामुदायिक केंद्राने निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार करावेत, ही अट मला सर्वांत मोलाची वाटते. कोलामी बोलणाऱ्या बाईने कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (नर पतंगांना गंधाने ओढणारे) केव्हा लावायचे हे स्वतःच्या भाषेत सांगणे, हे दूरच्या तज्ज्ञाच्या भाषणाहून निराळे आहे.

सामुदायिक केंद्राने स्वतःच्या बातम्या देऊ नयेत, हा निर्बंध मात्र मला पटत नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते, हवामानाची माहिती देता येते. पण कापूस खरेदी केंद्रावर मापावरून काय वाद झाला, हे त्याच बाईला बातमी म्हणून सांगता येत नाही, आणि या बंदीचे कारण ना वॅटच्या हिशेबात सापडते, ना मालकीच्या अटींत.