जरा बॅग वर ठेवता का?

विमानाला आधीच दोन तास उशीर झालेला. रांगेतून सरकत एकदाचे आत शिरलो आणि बाराव्या ओळीपाशी सगळंच थांबलं. एक आजी चाकांची निळी बॅग वरच्या कप्प्यात चढवायला बघत होत्या. बॅग खांद्यापर्यंत जायची, हात थरथरायचे, बॅग परत सीटवर. असं तीनदा झालं. मागे आम्ही तिसेक जण ताटकळलेले. कुणी मोबाइलमध्ये, कुणी घड्याळात डोकं घातलेलं. मी सॅक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत उगाच खिडकीबाहेर बघत होतो. शेवटी आजीच वळून म्हणाल्या, "जरा बॅग वर ठेवता का?" म्हणायचा अवकाश, चार हात पुढे आले. त्यातला एक माझा.

हे चारही हात आधीपासून तिथेच होते. मग अडलं होतं कशावाचून?

'माणुसकी उरली नाही' हे उत्तर तयारच असतं, पण ते टिकत नाही. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग बघा. प्रिन्स्टनमध्ये धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना त्यांनी एकेक करून शेजारच्या इमारतीत छोटं भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एका दारापाशी एक माणूस मान टाकून खोकत, कण्हत बसवलेला होता. काहींना सांगितलं होतं, 'तुम्हाला उशीर झालाय, ते वाट बघताहेत'. काहींना वेळेत पोचण्यापुरती घाई होती, तर काहींना भरपूर वेळ होता. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले, मधल्या गटातले ४५ टक्के आणि उशीर झालेल्यांतले फक्त १० टक्के. खरी गंमत पुढेच आहे. निम्म्या विद्यार्थ्यांच्या भाषणाचा विषय होता, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली गोष्ट! विषयाने लक्षणीय फरक पडला नाही. काही जण तर त्या माणसाला ओलांडून परोपकारावर बोलायला गेले.

मला यातली एक बारीक नोंद जास्त महत्त्वाची वाटते. न थांबलेले विद्यार्थी पोचले ते अस्वस्थ होऊन. म्हणजे मन दगडाचं नव्हतं, ते दोन्हीकडे ओढलं जात होतं.

विमानतळ म्हणजे अशी घाई घाऊक तयार करण्याची जागाच. त्यात तिथली वाट बघणंही वाईट जातीचं. रांगांच्या मानसशास्त्रावर डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली लिहिलेलं आजही पटतं: किती वेळ लागेल हे माहीत नसलं, का लागतोय हे कुणी सांगितलं नाही, की तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो. 'चाळीस मिनिटं उशीर' माणूस सोसतो. 'लवकरच कळवू' हे सोसत नाही. नंतर वर गेल्यावर शरीरही कुरकुरतं. केबिनमधला दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांहून कमी. घसा कोरडा, डोळे चुरचुरतात. उतरताना बाळं रडतात तीही बऱ्याचदा कानाच्या पडद्यावरच्या दाबामुळे. गिळलं की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते, म्हणून बाटली तोंडात आली की पुष्कळदा शांत होतात. हे माहीत असलं की आईकडे टाकायचा कटाक्ष जरा सौम्य होतो.

पण आमच्या रांगेतली घाई तर चक्क खुळी होती. जेसन स्टेफन या खगोलभौतिकशास्त्रज्ञाला विमानात चढण्याच्या रांगेने पछाडलं. त्याने गणित मांडलं आणि पुढे १२ ओळींच्या नकली केबिनमध्ये ७२ माणसं चढवून ते तपासलं. ओळींचे गट पाडून चढवलं तर जवळपास सात मिनिटं लागली. एकाआड एक ओळीतल्या खिडकीवाल्यांपासून सुरुवात करणाऱ्या त्याच्या पद्धतीने साडेतीनच्या आसपास. त्याची सगळी युक्ती एवढीच, की अनेकांना एकाच वेळी बॅगा ठेवता याव्यात, एकामुळे बाकीचे अडू नयेत. म्हणजे रांग चालण्यामुळे नाही, बॅगांमुळे तुंबते. आजींची बॅग उचलली असती तर माझा वेळ गेला नसता, वाचला असता! घाई होती म्हणून थांबलो, आणि थांबलो म्हणून उशीर झाला.

राहता राहिलं विचारणं. आजींनी तरी आधीच का विचारलं नाही? स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत आपल्या विद्यार्थ्यांना पाठवलं, अनोळखी माणसाकडे काहीही कारण न देता जागा मागायला. ६८ टक्क्यांनी उठून किंवा सरकून जागा दिली. 'उभ्याने पुस्तक वाचता येत नाही' असं फुसकं कारण जोडलं, तर आकडा उलट ४२ टक्क्यांवर आला. मागणाऱ्यांची मात्र दातखीळ बसत होती. मिलग्रॅम स्वतः गेला तेव्हा त्याच्याही घशात शब्द अडकले, आणि जागा मिळाल्यावर आजारी असल्याचं सोंग करावंसं वाटलं. नाकारलं जाईल ही भीती आपण फुगवून बघतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा लेक यांच्या २००८ सालच्या अभ्यासात, पाच जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायला वीसेक लोकांना विचारावं लागेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात दहा-अकरा पुरले.

देणाऱ्याचाही हिशेब चुकतो, तो वेगळ्या बाजूने. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०२२ साली दाखवलं, की थंडीत अनोळखी माणसाला गरम चॉकलेटचा कप देणाऱ्याला ते क्षुल्लक वाटतं, घेणाऱ्याला त्याहून पुष्कळ मोठं. देणारा कपाची किंमत धरतो. घेणारा त्यामागची आपुलकी धरतो.

हे सगळं मी उड्डाणभर मनात घोळवलं. विमान थांबलं, पट्टे सुटल्याचे खटखट आवाज झाले. या वेळी विचारायची वाट न बघता मी उठलो, निळी बॅग खाली काढली आणि आजींपुढे ठेवली.

"ही माझी नाही हो," त्या म्हणाल्या. "माझी तिच्या मागे आहे."