दुखत नाही ती जखम आणि आग होते ते फोड: सिफिलिस की हर्पीस?

ठाण्यातल्या आमच्या सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे संबंधांतून होणाऱ्या आजारांच्या दवाखान्याला, घणसोली, ऐरोलीहून पण लोक येतात, ट्रेन पकडून, कारण घराजवळ कोणी ओळखीचं भेटेल ही भीती. असाच एक जण आला, लघवीच्या जागी जखम, मेडिकलमधून घेतलेली मलमाची ट्यूब रुमालात गुंडाळलेली, म्हणाला "मॅडम उष्णता झालीये, सब्जा पितोय, दुखत तर काहीच नाही." हे "दुखत नाही" ऐकलं की मला जास्त काळजी वाटते.

कारण सिफिलिसची, जुनी माणसं जिला गरमी म्हणतात तिची, पहिली जखम बहुतेकदा एकच असते, कडा टणक, हाताला बटणासारखी लागते आणि दुखत नाही. संबंधानंतर साधारण 3 आठवड्यांनी येते आणि काहीच केलं नाही तरी 3 ते 6 आठवड्यांत भरते, माणसाला वाटतं मलमाने गेलं, पण जंतू रक्तातच असतो, मग तळहात-तळपायांवर न खाजणारे डाग, आणि उपचार राहिले तर काही जणांना वर्षांनी हृदय, मेंदूपर्यंत त्रास.

हर्पीस वेगळा. बारीक पाण्याचे फोड, घोळक्याने, फुटले की सोलवटतं, त्याला लघवीचा स्पर्श झाला की नुसती आग, पहिल्या वेळी ताप आणि जांघेत गाठी पण येतात. असायक्लोविर या व्हायरसवरच्या औषधाने फोड लवकर सुकतात पण व्हायरस नसांमध्ये राहतो म्हणून परत येऊ शकतात. आणि हे मी प्रत्येक जोडप्याला सांगते, फोड आज आले म्हणजे संसर्ग कालचा असं नाही, कित्येक वर्षं गप्प राहून पण येतो, त्यावरून घरात संशय घेऊ नका.

नुसतं बघून फसायला होतं, म्हणून रक्त तपासायचंच, एचआयव्हीचं पण. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी, अगदी सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते, मग काही दिवसांनी परत करायची.

त्या दादाची पॉझिटिव्ह आली. सुरुवातीलाच सापडलं म्हणून पेनिसिलिनचा 24 लाख युनिटचा एकच डोस पुरला. घरी बायकोला पाचवा महिना होता, सिफिलिस पोटातल्या बाळापर्यंत जातो हे सांगितल्यावर तो बराच वेळ खालीच बघत होता, मग म्हणाला "तिला काय सांगू?" मी म्हटलं घेऊन या, आपण मिळून सांगू. पुढच्याच मंगळवारी दोघं आले आणि तिलाही इंजेक्शन दिलं.