ग्रंथालय सहायक

ग्रंथालय सहायक : ग्रंथपालाच्या हाताखाली पुस्तकांची देवघेव, मांडणी, नोंदी आणि निगा सांभाळणारी, पण स्वतः ग्रंथपाल नसलेली व्यक्ती. सार्वजनिक वाचनालयांत तिचे पद सहायक ग्रंथपाल, निर्गम सहायक, लिपिक किंवा शिपाई असे असते. महाविद्यालयांत ‘ग्रंथालय परिचर’ हा शब्द रुळला आहे. वाचकाच्या तोंडी यातले एकही नाव नसते. त्याच्या लेखी आतल्या केबिनमधले ‘सर’ किंवा ‘मॅडम’, आणि काउंटरवरचे ‘काका’ नाहीतर ‘ताई’.

दोघांतला फरक शिक्षणाचा आणि जबाबदारीचा. कोणते पुस्तक घ्यायचे, त्याला कोणता वर्गांक (विषय दाखवणारा आकडा) द्यायचा, हे ग्रंथपाल ठरवतो. विषयांना आकडे देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ खाली येते. तो आकडा कण्यावरच्या चिठ्ठीवर लिहिणे, दाखल क्रमांक (नोंदवहीतला पुस्तकाचा अनुक्रमांक) टाकणे, ठरलेल्या आतल्या पानावर शिक्का मारणे आणि पुस्तक त्याच फळीवर परत जाईल हे रोज पाहणे, हे सहायकाचे काम. चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक नोंदवहीत असते, कपाटात असते आणि तरी सापडत नाही. म्हणून हे काम हलके समजणाऱ्याने एकदा साठा पडताळणीला बसून पाहावे.

नाशिकमध्ये या कामाला जुनी परंपरा आहे. येथील सार्वजनिक वाचनालय (बोलीत ‘सावाना’) १८४० सालचे. वाचनालयासोबत वस्तुसंग्रहालय आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृहही चालवणाऱ्या अशा संस्थेत कर्मचाऱ्याच्या वाट्याला नुसती पुस्तके येत नाहीत. शहरातल्या छोट्या वाचनालयांत तर एकच माणूस कुलूप उघडतो, वर्तमानपत्रे काठीला लावतो, देवघेव करतो आणि संध्याकाळी वर्गणीच्या पावत्याही फाडतो. अभ्यासिका जोडलेली असेल, तर स्पर्धा परीक्षेची मुले त्याच्या आधीच दारात उभी असतात.

परत आलेले पुस्तक हातात घेण्याची सहायकाची एक रीत असते. आधी कणा पाहायचा, मग पाने अंगठ्याने सर्रकन सोडायची. बसचे तिकीट, विजेचे बिल, क्वचित एखादी वाळलेली जास्वंद खाली पडते. दुमडलेला कान सरळ करायचा, उसवलेला फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा) दिसला की पुस्तक बांधणीच्या गठ्ठ्यात टाकायचे. पावसाळ्यात याला आणखी एक काम जोडले जाते. भिंतीलगतच्या फळ्यांवरची पुस्तके पुढे ओढून हवा खेळती ठेवायची आणि कसर, वाळवी शोधायची. कडुनिंबाचा पाला की डांबराच्या गोळ्या, यावर प्रत्येकाचे ठाम मत असते.

सगळ्यात अवघड परीक्षा अर्थात वाचकाची. ‘ते निळ्या कव्हरचं, ज्यात ती बाई वाड्यात एकटी राहते,’ एवढ्या पत्त्यावर पुस्तक काढून देणे पुस्तकांच्या कोणत्याही तालिकेला (सूचीला) जमत नाही. संगणक आला, बारकोड आले. निळे कव्हर अजून काकांनाच आठवते. दिवाळी अंकांच्या दिवसांत तर काउंटरवर श्वास घ्यायला फुरसत नसते. तोच अंक चौघांना आधी हवा असतो आणि चौघेही जुने सभासद असतात.

वेतनाची बाजू मात्र दुबळी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते, आणि वेतनही मुख्यतः त्यातूनच निघते. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढले, तरी तेव्हा ड वर्गाच्या वाट्याला वर्षाला ४८,००० रुपयेच आले. पुस्तके, नियतकालिके आणि वीजबिल वजा जाता माणसाच्या हातात महिन्याला काय पडेल, याचा हिशेब सोपा आहे. म्हणून अनेक जण सकाळ-संध्याकाळ वाचनालय आणि मधल्या वेळेत दुसरे काम असे जमवतात.

वर चढण्याची वाट शिक्षणातून जाते. पहिली पायरी ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, पुढची पदवी. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. नोकरी न सोडता शिकू पाहणाऱ्यांना त्याच्या ग्रंथालयशास्त्र पदवीचा आधार होतो. पदवी हाती आली तरी ग्रंथपालाची जागा रिकामी व्हावी लागते. तोवर काउंटर तोच, आणि वाचकांच्या लेखी ते काकाच.