ॲसिडने पन्हळीतला पिंपळ मरत नाही

मे महिना लागला की पेठांतल्या वाड्यांपासून कोथरूडच्या सोसायट्यांपर्यंत एक सल्ला हमखास मिळतो: पन्हळीत पिंपळ उगवलाय ना, वरून ॲसिड ओता. कृपा करून ओतू नका. पानं जळतात, पण सांध्यात शिरलेलं मूळ बहुधा जिवंत राहतं आणि पुन्हा फुटतं. ॲसिड मात्र सिमेंट आणि चुना खातं, पत्र्यावरचा जस्ताचा थर उतरवतं. पुढच्या बीला आयतीच भेग.

बी पक्ष्यांच्या विष्ठेतून येतं आणि साचलेल्या पाचोळ्याच्या गाळात रुजतं. म्हणून जाणकार आधी गाळ काढतात. दोन-तीन मजल्यांपर्यंत, साधारण १२ मीटर, हे जमिनीवरूनच होतं: कार्बन फायबरच्या जोडनळ्या, टोकाला कॅमेरा, खाली ओला गाळ ओढणारा व्हॅक्यूम. मुळं धरलेलं रोप मात्र या नळीला दाद देत नाही. तिथे मचाण किंवा बूम लिफ्ट (माणसाला पाळण्यातून वर नेणारी लांब हाताची गाडी) लागते, नाहीतर दोरावरून माणूस उतरवावा लागतो. त्याला पूर्ण अंगाचा हार्नेस हवा आणि दोन स्वतंत्र दोर, वेगवेगळ्या पक्क्या आधारांना बांधलेले. टाकीच्या पाइपाला दोर बांधून कुणी उतरत असेल तर काम तिथेच थांबवा.

रोप खेचायचं नाही, सांधा निघतो. कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावतात, मूळ सुकल्यावर भेग बुजवतात. पाण्याचा जोराचा फवारा सगळ्यात शेवटी. आधी मारला तर गाळ पावसाळी पाइपाच्या बाकात जाऊन बसतो.