जमीन साफ करण्याआधी: कारखान्यातल्या चालू बोअरवर आम्ही तपासणी का करत नाही

कारखान्यातून गळलेलं केमिकल जमिनीखालच्या पाण्यात किती उतरलं हे तपासायचं म्हटलं की ऐकू येतं: "आमच्या आवारात बोअर आहे, रोज चालतो. त्याचंच पाणी तपासा, नवीन बोअर कशाला?" प्लेटिंग (धातूवर मुलामा), रंग, सॉल्व्हंट वापरणाऱ्या बहुतेक कारखान्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. खर्च वाचवावासा वाटणं साहजिक आहे. पण या एका गोष्टीमुळे काम महिनोन्‌महिने मागे पडतं, म्हणून कारण सविस्तर देत आहोत.

चाकण, वाळूज, सातपूर, कुठेही खणा, खाली दख्खनचा बेसाल्टच लागतो. वर भराव किंवा काळी माती, मग मुरूम, त्याखाली भेगाळलेला दगड आणि मग काळा पाषाण. मुरमापासून पाषाणापर्यंत हा लाव्ह्याचा एक थर झाला. त्याच्या खाली बऱ्याचदा लाल गेरू लागतो आणि तिथून पुढचा थर सुरू होतो. गळलेलं केमिकल आधी मुरमात उतरतं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यामुळे ती अडवेल या भरवशावर राहू नका. मुरमातलं पाणी थोडं आणि सावकाश सरकणारं असतं. पाषाणात पाणी फक्त सांध्यांत, म्हणजे दगडातल्या भेगांत असतं. बोअरवाल्याला हवा असतो तो खालचा मोठा सांधा, कारण पंप त्यावर चालतो.

बोअरचं केसिंग, म्हणजे वरच्या भागात बसवलेला पाइप, दगडाला टेकलं की संपतं. खाली भोक उघडंच राहतं आणि केसिंगच्या बाहेरची फटही सहसा कोणी भरत नाही. पंप बंद करून, आवारात शांतता असताना बोअरच्या तोंडाशी कान लावा. बऱ्याच बोअरमध्ये आत पाणी ठिबकताना ऐकू येतं. मुरमातलं पाणी खाली पडत असतं त्याचा तो आवाज. म्हणजे जो थर तपासायचा, त्याचं पाणी तुमचा बोअरच खालच्या पाण्यात मिसळतो आहे.

आता हिशेब पाहा. समजा मुरमातून तासाला १०० लिटर पाणी येतं आणि त्यात लिटरला १.५ मिलिग्रॅम क्रोमियम आहे. खालच्या सांध्यातून ३,९०० लिटर स्वच्छ पाणी येतं. नळाला येणाऱ्या ४,००० लिटरमध्ये क्रोमियम लिटरला ०.०४ मिलिग्रॅमच्याही आत दिसेल. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०५ आहे. रिपोर्ट "पास" होतो आणि मुरमात मर्यादेच्या ३० पट क्रोमियम तसंच राहतं. मग माती कुठवर काढायची हे अशा रिपोर्टवर ठरतं, खड्डा भरला जातो, आणि पावसाळ्यानंतर शेजारच्या विहिरीचं पाणी पिवळं दिसू लागतं. तिथून सगळी तपासणी पहिल्यापासून.

दुसरा घोटाळा पंपाचा. पंप चालू असताना आजूबाजूची पातळी बोअरकडे झुकते, मग पाण्याची वाहण्याची दिशा चुकीची निघते. म्हणून पातळी मोजण्याआधी किमान ४८ तास आवारातले सगळे बोअर बंद हवेत. त्या दोन दिवसांसाठी टँकर आधीच सांगून ठेवा. "सकाळी फक्त अर्धा तास चालवला" हेही चालत नाही. आम्हाला परत यावं लागतं आणि फेरीचा खर्च तुमच्यावर पडतो.

आमची निरीक्षण विहीर, म्हणजे फक्त तपासणीसाठी घेतलेला बोअर, अशी असते: १५० मिमीचं भोक, आत २ इंची पीव्हीसी पाइप. तपासायच्या थरापुरतीच जाळी, भोवती धुतलेली बारीक खडी, वर दोन-तीन फूट बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती), त्यावर सिमेंट आणि कुलूपबंद टोपण. मुरूम आणि पाषाण दोन्ही तपासायचे असतील तर दोन वेगळी भोकं घेतो. एकाच भोकात दोन थर उघडे ठेवले तर तुमच्या जुन्या बोअरचीच चूक पुन्हा होईल. फोम न वापरल्यामुळे ड्रिलिंग सावकाश होतं. बेंटोनाइट फुगल्याशिवाय सिमेंट ओतत नाही. पाणी नितळ येईपर्यंत विहीर उपसतो आणि मग आठवडाभर तिला हात लावत नाही. "दोन दिवसांत नमुना देतो" असं कोणी म्हणालं तर यातलं काय गाळणार ते विचारा.

पाण्याची दिशा काढायला किमान तीन विहिरी लागतात: एक वरच्या अंगाला, दोन उताराकडे. बेसाल्टमध्ये पाणी सांध्यांच्या कलाने जातं, त्यामुळे तिन्हींवरून काढलेला बाण आम्ही अंतिम मानत नाही. नाल्याची आणि शेजारच्या विहिरीची पातळीही घेतो, तीही मे आणि नोव्हेंबर अशी दोनदा. कोकणातल्या लोटे एमआयडीसीसारख्या जांभ्याच्या भागात आराखडा वेगळा असतो, तो जागा पाहूनच सांगता येईल.

नमुना घेताना मिनिटाला २००-३०० मिलिलिटरच उपसतो. पीएच आणि विद्युतवाहकता लागोपाठ तीन वेळा स्थिर आली की बाटली भरतो. धातूंचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालतो. हेक्साव्हॅलंट क्रोमियमची (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) बाटली वेगळी: आम्ल नाही, बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत. शनिवारी दुपारी आम्ही नमुने घेत नाही, ते यामुळेच.

जुना बोअर दूषित पट्ट्यात निघाला तर तो बुजवावा लागतो. मुरूम-माती टाकून नव्हे. तळापर्यंत पाइप सोडून सिमेंट-बेंटोनाइटची रबडी खालून वर भरायची. साडेसहा इंची भोकाला मीटरमागे २१ लिटर, म्हणजे ६० मीटरला जवळपास १,३०० लिटर, आणि सांध्यांत मुरेल ती वेगळी. माती काढायचा खड्डाही जूनच्या आत भरून झाला पाहिजे. उघड्या खड्ड्यात साचलेलं पावसाचं पाणी उरलेलं केमिकल थेट खाली नेतं.

पहिल्या भेटीत तुमच्या बोअरची खोली आणि स्थिर पातळी (पंप बंद असतानाची) आम्ही मोजून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. त्या दिवशी जुनी प्लेटिंग लाइन, ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा), जमिनीखालच्या टाक्या आणि पाइप दाखवणारा नकाशा काढून ठेवा. केसिंग किती फूट आणि पाणी कितीवर लागलं हे बोअरवाल्याला फोन करून विचारा. पंप कधी चालू केला, कधी बंद केला, याची आदल्या चार दिवसांची नोंदही लागेल. वॉचमनच्या वहीतली असली तरी चालते.