घरापुरतं मराठी कळलं तरी पुरे

२८ मार्च २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनने आपल्या काही इको स्पीकरांमधली (‘अलेक्सा’ म्हणून हाक मारली की आज्ञा ऐकणारे ते हे) एक सोय काढून घेतली. ‘माझा आवाज कंपनीकडे पाठवू नका’ असा पर्याय तोवर निवडता येत असे. मोजक्याच मॉडेलांवर आणि तोही अमेरिकेत इंग्रजी वापरणाऱ्यांना, पण होता. त्या दिवसापासून तो गेला. म्हणजे पैसे आपण मोजायचे, यंत्र आपल्या हॉलमध्ये राहणार, आणि त्यातलं काय चालू राहील हे ठरवणार तिसराच. २०१९ मध्ये अलेक्साशी झालेलं बोलणं कंपनीची माणसं ऐकतात, अशी बातमी आली होती. २०२३ मध्ये मुलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं जपून ठेवल्याच्या आरोपावरून अ‍ॅमेझॉनने अमेरिकी व्यापार आयोगाशी तडजोड केली आणि २.५ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं.

या सगळ्यातून बाहेर पडायची वाट आता बऱ्यापैकी रुळलेली आहे. ‘होम असिस्टंट’ ही मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारी, प्रणाली पाउलुस स्खाउटसेन याने २०१३ मध्ये सुरू केली. घरातले दिवे, पंखे, एसी, सेन्सर एकाच छोट्या संगणकावरून चालवायचे आणि तो संगणक घरातच ठेवायचा, ही तिची कल्पना. २०२३ हे वर्ष या मंडळींनी ‘आवाजाचं वर्ष’ म्हणून जाहीर केलं. ‘रॅस्पी’ नावाची इंटरनेटशिवाय चालणारी आवाजप्रणाली बनवणारा मायकेल हॅन्सन त्यांच्यात आला होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी स्वतःचा छोटा स्पीकर ५९ डॉलरला बाजारात आणला. तो न घेता सुटे भाग जोडूनही काम भागतं.

‘हे यंत्र चोवीस तास ऐकत बसतं’ या तक्रारीत तथ्य आहे. ऐकल्याशिवाय आपण हाक मारली हे त्याला कळणार कसं? प्रश्न, ऐकलेलं जातं कुठे, हा आहे. बोलणं टिपायला सेकंदाला १६,००० नमुने घेतात, म्हणजे आवाजाची लहर तितक्या वेळा मोजतात. प्रत्येक नमुना दोन बाइटचा. म्हणजे सेकंदाला ३२,००० बाइट, आणि दिवसभराचे साधारण पावणेतीन जीबी. हे सगळं कोणी बाहेर पाठवायचं ठरवलं, तर कितीही दाबून पाठवलं तरी राउटरच्या हिशेबात ते दिसेल. घरगुती स्पीकरमध्ये हा प्रवाह ईएसपी३२-एस३ सारख्या चिपमध्ये येतो. तिचा वेग २४० मेगाहर्ट्झ आणि आतली मेमरी जेमतेम ५१२ केबी. एवढ्याशा जागेत एक चिमुकलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेला प्रोग्राम, बसवलेलं असतं. ते आवाजाचे काही मिलिसेकंदांचे काप घेतं आणि कोणत्या पट्टीत किती जोर आहे हे पाहून एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: आत्ता हाकेचा शब्द उच्चारला गेला का? उत्तर ‘नाही’ असेल तर तो काप पुसला जातो. मराठीचं, गप्पांचं, भांडणाचं त्याला काहीही कळत नाही.

हाकेचा शब्द निवडणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. ‘ओपन-वेक-वर्ड’ या मुक्त प्रकल्पाने स्वतःसाठी ठेवलेलं उद्दिष्ट असं: न बोलावता जागं होणं दोन तासांत एकदाच्या आत, आणि बोलावूनही न ऐकणं शंभरात पाचाच्या आत. एक कमी करायला गेलं की दुसरं वाढतं. ‘ऐक ना’ हा शब्द ठेवलात तर घरातलं निम्मं संभाषण त्यालाच उद्देशून आहे असं त्याला वाटेल. दोन अक्षरांचं टोपणनावही नको. तीन-चार अक्षरांचा, वेगवेगळ्या व्यंजनांचा आणि रोजच्या बोलण्यात न येणारा शब्द लागतो. तो शिकवायला शंभर माणसं गोळा करावी लागत नाहीत. संगणकाच्याच कृत्रिम आवाजांत तो हजारो वेळा बोलवून घेतात, त्यात गोंगाट मिसळतात आणि त्यावर नेटवर्क तयार करतात.

लोकांना वाटतं की सगळी करामत ‘समजण्यात’ आहे. मला विचाराल तर अशा स्पीकरांचं घोडं अडतं ते त्याच्या आधीच, ऐकण्यात. तोंडापासून वीतभर अंतरावर धरलेला मोबाइल आणि तीन मीटरवर टीव्हीशेजारी ठेवलेला स्पीकर यांत फार फरक आहे. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाजाची पातळी सहा डेसिबलनी घसरते. पंखा मात्र आहे तिथेच आणि तेवढ्याच जोरात फिरतो. त्यात आपल्या खोल्या म्हणजे गुळगुळीत फरशी आणि सिमेंटच्या उघड्या भिंती. प्रत्येक अक्षर भिंतींवर आपटून पुढच्या अक्षरावर येऊन पडतं.

यावर दोन युक्त्या आहेत. पहिली, एकाऐवजी दोन किंवा जास्त मायक्रोफोन. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन मायक्रोफोन सात सेंटिमीटरवर असतील तर बाजूने आलेला आवाज दुसऱ्यापर्यंत फार तर ०.२ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे जेमतेम तीन नमुन्यांचा फरक. तेवढ्या फरकावरून बोलणारा कोणत्या बाजूला आहे ते ओळखता येतं, आणि दोन्ही प्रवाह योग्य तेवढे सरकवून एकत्र केले की त्या बाजूचा आवाज उठून येतो. दुसरी युक्ती प्रतिध्वनी वजा करण्याची. स्पीकर स्वतःच गाणं वाजवत असेल तर काय वाजतंय हे त्याला माहीत असतं. ते खोलीत घुमून परत येताना कसं बदलतं याचा अंदाज घेत घेत तो ते ऐकलेल्यातून वजा करतो. होम असिस्टंटच्या २०२४ मधल्या स्पीकरमध्ये या कामासाठी एक्समॉस कंपनीची वेगळी चिप दिली आहे, ती उगाच नाही.

टीव्हीवरच्या मालिकेपुढे मात्र या युक्त्या पुरत नाहीत. कुकरची शिट्टी परवडली. ती एका पट्टीत वाजते आणि थांबते. मालिकेतली सासू थेट मराठीत बोलते, तेही चढ्या आवाजात, आणि टीव्हीवर काय चाललंय हे स्पीकरला ठाऊक नसतं. म्हणून स्पीकर टीव्हीच्या फळीवर ठेवू नये. पंख्याच्या बरोबर खालीही नको. मायक्रोफोनच्या भोकावरून वाहणारा वारा आत घरघर उमटवतो.

आता शब्दांकडे. हाक ओळखली की पुढचे दोन-तीन सेकंद घरातल्याच संगणकाकडे जातात आणि तिथे त्यांची अक्षरं होतात. यासाठी बरेच जण ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं ‘व्हिस्पर’ वापरतात. ते ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकलं. इतका प्रचंड आकडा वाचून मराठी माणसाने लगेच खूश होऊ नये. बोललं तसं मराठीतच लिहून ठेवलेलं ध्वनिमुद्रण त्यात एका तासाहूनही कमी होतं. व्हिस्परचं सर्वांत लहान रूप ३.९ कोटी घटकांचं, म्हणजे शिकताना ठरलेल्या तितक्या आकड्यांचं, आणि सर्वांत मोठं १५५ कोटींचं. छोट्या यंत्रावर बसणारी लहान रूपं मराठीत अगदीच कच्ची आहेत, आणि मोठी रूपं ‘रास्पबेरी पाय’ या तळहाताएवढ्या संगणकाला झेपत नाहीत. इंग्रजीतसुद्धा रास्पबेरी पाय ४ वर एका आज्ञेला व्हिस्पर साधारण आठ सेकंद घेतं. आठ सेकंदांत माणूस उठून बटण दाबून परत येतो.

इथे बहुतेक जण मोठ्या संगणकाच्या, ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागतात. मला उलटी वाट पटते. घरातल्या स्पीकरला मराठी यायला हवीच कशाला? त्याला संपादकीय लिहून घ्यायचं नाही. आपण त्याला पंखा, दिवे, एसी, गिझर, वेळ आणि गजर यापलीकडे काय सांगतो? कोपऱ्यावरचा वाणी नेहमीच्या गिऱ्हाइकाचं अर्धं वाक्य ऐकूनच पुडा काढतो, कारण हे गिऱ्हाईक काय मागू शकतं हे त्याला आधीच माहीत असतं. नेमका हाच विचार हॅन्सनच्या २०२५ मधल्या ‘स्पीच-टू-फ्रेज’ प्रणालीमागे आहे. ती तुमच्या घरातल्या खोल्या आणि उपकरणांची नावं घेते, त्यांच्यापासून होऊ शकणारी वाक्यं आधीच तयार करते, आणि ऐकलेलं त्यांपैकी कोणतं एवढंच ठरवते. उत्तर रास्पबेरी पाय ४ वरही सेकंदाच्या आत मिळतं. तिची सुरुवात युरोपीय भाषांपासून झाली, पण कल्पनेला भाषेचं बंधन नाही.

मराठीत हे कसं दिसेल? एक साचा घ्या: ‘हॉलमधला’, ‘हॉलचा’ किंवा ‘बाहेरच्या खोलीतला’, पुढे ‘पंखा’ किंवा ‘फॅन’, आणि शेवटी ‘लाव’, ‘चालू कर’ किंवा ‘सुरू कर’. तीन गुणिले दोन गुणिले तीन, झाली अठरा वाक्यं. आजीचं ‘लाव रे’, आजोबांचं ‘लावा जरा’ आणि नातवाचं ‘फॅन ऑन कर’ घालून ती पन्नासच्या पुढे जातील. उपकरणाचं नाव आणि क्रियापद मात्र एकत्रच बांधावं लागतं: ‘पंखा लाव’ म्हणजे चालू, ‘पडदा लाव’ म्हणजे बंद. घरातल्या प्रत्येकाला आठवडाभर कागदावर टिपायला लावलं तर बहुतेक साचे आपोआप सापडतात. असे साचे होम असिस्टंटमध्ये साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिता येतात.

मराठी बोलण्याची अक्षरं करायला मद्रास आयआयटीच्या ‘एआय फॉर भारत’ गटाची मॉडेलं खुली आहेत. त्यांचं ‘इंडिक-कन्फॉर्मर’ मराठीसह २२ भारतीय भाषांसाठी आहे. त्याने ‘हालमधला पंका लाव’ असं काही लिहिलं तरी आपल्या यादीतलं सगळ्यांत जवळचं वाक्य शोधता येतं. फक्त ‘किती जवळचं’ याची मर्यादा ठरवावी लागते. नाहीतर कोणी शिंकलं तरी त्याला त्यात एखादी आज्ञा ऐकू येईल आणि दिवे जातील.

पुढचं काम विजेचं. स्विचबोर्डमागे बसणारे छोटे रिले, म्हणजे दुरून चालू-बंद करता येणारे स्विच, वायफायवर किंवा ‘झिग्बी’ या घरगुती उपकरणांच्या बिनतारी जाळ्यावर चालतात. त्यातले काही थेट कंपनीच्या परदेशातल्या सर्व्हरशी बोलतात. ते घेतले तर इतका खटाटोप कशासाठी केला? ईएसपीहोम किंवा टास्मोटा या मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारा रिले घ्या, तो घराबाहेर जात नाही. २३० व्होल्टचं काम आहे, वायरमनला बोलवा आणि मेन स्विच बंद करून घ्या. पंख्याचा वेग हवा असेल तर दिव्याचा डिमर त्याला चालत नाही, मोटर गुणगुणू लागते. पंख्यासाठी कपॅसिटरवर चालणारा वेगळा रेग्युलेटर मिळतो. राउटर आणि छोटा संगणक इन्व्हर्टरवर असले की लाइट गेल्यावरही कारभार चालू राहतो. इंटरनेट नसलं तरी काही अडत नाही.

उत्तर बोलून दाखवण्याचं मी फारसं मनावर घेणार नाही. ‘ई-स्पीक’ हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी बोलतं, पण यांत्रिक. एआय फॉर भारतचे आवाज पुष्कळ गोड आहेत, पण जास्त ताकद मागतात. पंखा लागला की दिसतोच, त्यासाठी ‘ठीक आहे, हॉलमधला पंखा लावला आहे’ कोणाला ऐकायचंय? एक टिंग पुरे. चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा-मॉडेलं जोडायची फॅशन आहे, आणि तीही घरातल्या संगणकावर चालवता येतात. बाहेरचं मॉडेल जोडलंत तर आवाज नाही, पण बोललेलं वाक्य पुन्हा घराबाहेर गेलंच.

घरातल्या घरात ठेवल्याने आवाज खाजगी होतो, सुरक्षित होतोच असं नाही. २०१७ मध्ये बर्गर किंगच्या एका टीव्ही जाहिरातीने अमेरिकेतल्या घरोघरच्या गुगल स्पीकरांना बोलतं केलं होतं. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि तोक्योमधल्या विद्युत-संचार विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याहून विलक्षण प्रकार दाखवला. त्यांनी लेसरची तीव्रता बोलण्याच्या लहरींप्रमाणे कमीजास्त केली आणि तो झोत स्पीकरच्या मायक्रोफोनवर टाकला. मायक्रोफोनला तो आवाजच वाटला, आणि आज्ञा पाळली गेली. एका प्रयोगात तर ११० मीटरवरून. मुक्त प्रणालीतले मायक्रोफोनही त्याच जातीचे आहेत. तेव्हा स्पीकर खिडकीसमोर नको आणि दाराचं कुलूप आवाजाच्या यादीत नकोच. गिझरला ‘बंद कर’ एवढंच शिकवा. तो चालू करायला बटण आहे.